बुजवलेल्या भेगा

सगळ्यात आधी सांगून टाकते, त्या सरड्याचा यात काडीचाही दोष नाही.

गेलं वर्षभर वर्तमानपत्रांनी 'सरड्याची पट्टी', 'सरड्याचं औषध' असं लिहून लिहून त्या बिचाऱ्याला बदनाम करून टाकलं. आमच्या कॉलनीतल्या एका बाईंनी तर कुंपणावरच्या साध्या बागेतल्या सरड्याला झाडूनं बदडून काढलं आणि वर मलाच ऐकवलं, "डॉक्टर, तुमच्यातला एक कमी केला बघा." मी त्यांना काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून आमच्या घरी त्यांचं येणं बंद आहे आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

मी प्रणाली लांजेवार. जनावरांची डॉक्टर. नागपूरच्या वेशीबाहेर शिलादित्य बायोटेक नावाची कंपनी होती, तिनं टांझानियातून रीतसर परवाने काढून सरडे आणले आणि त्यांना सांभाळायला मला ठेवलं. टांझानियातल्या गवताळ माळावर मधूनमधून ग्रॅनाइटच्या धोंड्यांचे ढीग असतात. चहूकडे सपाट गवत आणि मध्येच घराएवढे धोंडे एकावर एक रचलेले. हा सरडा त्या धोंड्यांवर राहतो. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी म्वान्झा नावाचं शहर आहे, त्यावरून त्याला नाव मिळालं. मादी खडकासारखीच तपकिरी, धोंड्यावर असून दिसणार नाही अशी. नराचं मात्र डोकं आणि खांदे गुलाबी-लाल, बाकीचं अंग गर्द निळं. घाबरला किंवा दुसऱ्या नराकडून मार खाल्ला, की हा सगळा थाट उतरून तो मळकट तपकिरी होतो. रोज सकाळी सगळ्यात उंच धोंड्यावर चढून तो जोर काढतो. खरंच जोर काढतो, पुढचे पाय ताठ करून छाती वर-खाली. माद्या तिकडे ढुंकूनही बघत नाहीत.

त्याचं डोकं चपटं असतं. ते भेगेत शिरता यावं म्हणून. धोंडा तापून हात लावण्याजोगा राहिला नाही, की सगळं कुटुंब भेगेत जातं आणि ऊन कलल्यावर बाहेर येतं. ऊन सोसण्याबद्दल त्याची ख्याती आहे, ती खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी म्हणजे ती भेग. एवढं साधं वाक्य मी आमचे संचालक डॉक्टर अभिराम बक्षी यांना निरनिराळ्या आवाजांत सांगितलं, हसत सांगितलं, ओरडून सांगितलं. त्यांनी दर वेळी मान डोलावली.

आमच्याकडच्या उन्हाळ्याबद्दल मी नव्यानं काय सांगणार? पन्नाशीला टेकलेला पारा आता बातमीत पहिल्या पानावरही येत नाही. पूर्वी आमच्याकडे उन्हाळ्याच्या कामाची एक रीत होती. उजाडता उजाडता कामाला लागायचं, ऊन चढलं की कडुनिंबाखाली भाकर खायची, दुपट्टा तोंडावर घेऊन आडवं व्हायचं आणि चारनंतर पुन्हा उठायचं. कुणी कुणाला शिकवलेली नव्हती ती रीत. मग मोठमोठे ठेके आले, मुदती आल्या आणि दुपारचं आडवं होणं म्हणजे आळस ठरला. एका उन्हाळ्यात इतकी माणसं रस्त्यांवर आणि इमारतींवर मेली, की सरकारला दुपारच्या विसाव्याचा कायदा करावा लागला. आजोबा-पणजोबांना जे आपोआप कळत होतं ते कागदावर यायला माणसांना जीव द्यावे लागले. आणि तो कायदा झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यातून पळवाट शोधायला मंडळी कामाला लागली.

ती पळवाट आमच्या सरडाघरातून निघाली, तीही एका मिस्त्रीच्या हौसेपायी.

सरडाघर म्हणजे काचेची मोठी खोली, छताला तापते दिवे आणि मधोमध सिमेंटची टेकडी. टेकडी बांधायला पडोळे मिस्त्री होते. मी त्यांना फोटो दाखवून, जमिनीवर रेघोट्या मारून समजावलं होतं, की भेगा ठेवायच्या, खोल आणि अरुंद. त्यांनी ठेवल्याही. मग परवान्याच्या कामासाठी मी हैदराबादला गेले. परत आले तो टेकडी तुळतुळीत. सरडे आत सोडलेले.

"मिस्त्री, भेगा कुठे गेल्या?"

"बुजवून देल्या मॅडम," पडोळे अभिमानानं म्हणाले. "लय भेगा होत्या. लोक पाह्यतीन त म्हनतीन, पडोळेचं काम फुटलं. मंग मी घोटून फिनिशिंग मारली. हात फिरवून पाहा ना."

आपल्याकडे भेग दिसली, की मिस्त्रीचा हात शिवशिवतो. मी कपाळावर हात मारला. सगळे नर मळकट तपकिरी झालेले होते आणि जिथं जिथं भेग होती, तिथं तिथं सरडे सिमेंटला नाक लावून बसलेले होते. काही मेले होते. त्यांचीही नाकं तिथंच होती. मी पडोळेंना छिन्नी आणायला पिटाळलं आणि बक्षींना कळवलं. बक्षी आले, मेलेल्या आणि जिवंत सरड्यांचं रक्त तपासायला घेतलं आणि म्हणाले, "थांबा. भेगा आठवडाभर फोडू नका."

आठवड्यानं जे सरडे उरले होते ते शांत झाले. इतकंच नाही, नरांचे रंग परत आले. भर दिव्याखाली, पाय भाजेल अशा सिमेंटवर, लाल डोकं वर करून ते निवांत बसून राहत. आणि रक्ताच्या तपासणीचा निकाल पाहून बक्षींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी शपथेवर सांगते, आनंदाचं पाणी.

इथं थोडं विज्ञान सांगायला हवं. अंडं उकडलं, की त्यातला पांढरा भाग घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही. आपल्या पेशींतली प्रथिनंही उष्णतेनं अशीच बिघडतात. ती बिघडू नयेत म्हणून पेशीत राखणदार प्रथिनं असतात, तुमच्या-माझ्यातही असतात. हा सरडा ती आधीपासून साठवून ठेवतो. भेगा बुजल्यावर त्यानं ती कितीतरी पटीनं जास्त बनवली होती. इथपर्यंत ठीक.

पण त्या रक्तात आणखी एक पदार्थ होता, जो कुणीच आधी पाहिला नव्हता. कातडीखाली ज्या बारीक नसा असतात, त्यांच्या टोकांना उष्णता ओळखणारी दारं असतात. ठराविक तापमानाच्या वर गेलं, की दार उघडतं आणि मेंदूला सांगावा जातो, पोळतंय, पळ. माणसात घाम फुटतो, जीव कासावीस होतो, तो याच सांगाव्यामुळं. हा नवा पदार्थ ती दारं बंद करून टाकत होता. म्हणजे झालं असं, की सरड्याला पळायला जागाच राहिली नाही. दिवसरात्र 'पळ, पळ' असं ओरडून काय उपयोग? तेव्हा शरीरानंच ओरडणं बंद केलं. बक्षींनी त्या पदार्थाचं नाव ठेवलं 'सहनशक्ती रेणू'. मी म्हटलं, ही सहनशक्ती नाही, ही हार आहे. ते म्हणाले, "प्रणाली, तू फार भावनाप्रधान आहेस." हे वाक्य ज्या बाईला नोकरीत कधी ऐकावं लागलं नसेल, तिनं मला भेटावं.

वर्ष-दीड वर्षात दोन्ही पदार्थ टाक्यांमध्ये, यीस्टकडून बनवून घेता येऊ लागले. मग पट्टी आली. दंडावर चिकटवायची, दिवसभर कातडीतून औषध झिरपत राहतं. पट्टीचं नाव काय ठेवलं? 'सावली'. पाकिटावर सोनेरी उन्हात जोर काढणाऱ्या सरड्याचं चित्र. माणसांवरची चाचणी गरम खोलीत झाली. ट्रेडमिलवर माणसं चालली, ज्याला नको वाटलं तो बाहेर पडू शकत होता, पाणी होतं, डॉक्टर होते. जे मध्येच बाहेर पडले त्यांची नावं 'चाचणी पूर्ण केली नाही' म्हणून वगळली. उरले ते सगळे ठणठणीत. याला म्हणायचं यश!

सरकारनं एका रस्त्याच्या कामावर उन्हाळाभर प्रयोग करायची परवानगी दिली. पट्टी लावलेल्यांना दुपारचा विसावा लागू नाही. तो रस्ता चंद्रपूरचा होता आणि त्यावरचा साइट इंजिनिअर होता धनराज लांजेवार, माझा नवरा.

धनराज आणि मी कॉलेजच्या दिवसांपासून एकमेकांना ओळखतो. तो व्हेटर्नरीच्या कँटीनमध्ये फुकट सावजी रस्सा मिळतो अशा अफवेवर आला होता आणि मी भेटले. माणूस सरळ आहे, इतका की त्याचा राग येतो. कामावरच्या माणसांना जे सांगेल ते आधी स्वतः करेल. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो आरशासमोर उभा राहून दंडावर पट्टी चिकटवत होता आणि मी दारात उभी होते.

"काढ ती," मी म्हटलं.

"काऊन? तुह्याच कंपनीची आहे."

"म्हणूनच सांगतेय. धनू, ती पट्टी ऊन कमी करत नाही. ऊन लागतंय हे कळणं कमी करते. कुकरखालचा गॅस चालू ठेवायचा आणि शिट्टी काढून टाकायची, असं आहे ते."

"पण ते दुसरं आहे ना, राखणदार. तूच सांगितलं होतं."

"आहे. ते थोडं पुढं ढकलतं, थांबवत नाही. सरडासुद्धा भेगेत जातो रे!"

तो हसला. "मी सरडा थोडी आहे? हे पाहा, माह्या माणसायले मी लावा म्हणतो, मंग मी कसा नाही लावू? अन् हे काम वेळेत झालं तर मले पुढचा पूल भेटते. तुले त माहीत आहे."

मला माहीत होतं. त्या पुलासाठी तो किती वर्षं थांबला होता तेही माहीत होतं. मी तरीही बोलत राहिले, तो बुटाच्या नाड्या बांधत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मले काही होत नाही, प्रणाली." त्या उन्हाळ्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की त्याचा मला धसका बसला.

साइटवर सगळे खूश होते. माणसं घामाघूम होत नव्हती. पाणी कमी पीत होती, टँकरचा खर्च वाचला म्हणून ठेकेदारानं पेढे वाटले. आमच्या घरी आलेला पेढ्यांचा डबा मी तसाच कचऱ्यात टाकला आणि धनराज माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

इकडे सरडाघरात भेगा अजून बुजलेल्याच होत्या आणि सरडे मरत होते. आता कुणी सिमेंटला नाक लावून मरत नव्हतं. टेकडीच्या माथ्यावर, पूर्ण रंगात, लाल डोकं वर केलेलं, असे मरत. सकाळी जोर काढणारा नर दुपारी पाहावा तर बसल्याजागी गेलेला. मी एकाला फाडून पाहिलं. आतडी, यकृत, मूत्रपिंडं, सगळं भाजून निघालेलं. मी तशीच, हातमोज्यांसकट, बक्षींच्या खोलीत गेले.

"सर, हे शिजलेत. जिवंतपणी शिजलेत आणि त्यांना कळलं नाही. चंद्रपूरच्या रस्त्यावर माणसं आहेत."

बक्षींनी खुर्ची मागं सरकवली, बहुधा हातमोज्यांमुळं. "नरांचे रंग उतरलेत का?"

"नाही. म्हणून तर—"

"म्हणजे तणाव नाही. तूच सांगतेस, भ्याला की रंग उतरतो. गोचिडांचा त्रास असेल, आयात जनावरांना होतो. तसा अहवाल दे."

"गोचिडांनी यकृत शिजत नाही सर."

"प्रणाली," ते एखाद्या लहान मुलीशी बोलावं तसं बोलले, "सरडा वेगळा, माणूस वेगळा."

सरड्यासारखं ऊन सोसा म्हणून जाहिरात करताना सरडा आणि माणूस एक. सरडा मेला, की सरडा वेगळा आणि माणूस वेगळा! मी गोचिडांचा अहवाल दिला नाही. जे दिसलं ते लिहून कंपनीला दिलं आणि कामगार खात्यालाही पाठवलं. खात्यानं तो 'योग्य अभिप्रायासाठी' परत कंपनीकडे पाठवला. हसू नका, असंच झालं.

मे महिन्यात सुखदेव कुमरे गेला. डांबर अंथरणाऱ्या टोळीतला जुना माणूस, धनराजच्या पहिल्या कामापासून त्याच्यासोबत असलेला. आमच्या लग्नात त्यानं बैलगाडीभर पळसाची पानं आणली होती पत्रावळींना. कंपनीच्या डॉक्टरनं हृदयविकार सांगितला. धनराज तेरवीला जाऊन आला, पण जेवला नाही. मी विचारलं, "काय झालं होतं नेमकं? तू तिथंच होतास ना?"

"हार्ट," तो म्हणाला.

"धनू."

"हार्ट म्हटलं ना!" त्यानं कधी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मी मनातून पेटले होते. ज्याच्या सरळपणावर मी आयुष्यभर चिडत आणि विसंबत आले, तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत एका पुलासाठी खोटं बोलत होता, असं मला वाटलं.

त्या रविवारी त्याच्या दंडावर पट्टी नव्हती, शुक्रवारी रात्रीच काढली होती. मी चहा केला, उकळता कप त्याच्यापुढं ठेवला आणि साखरेचा डबा आणायला वळले. परत पाहते तो कप रिकामा. उकळता चहा त्यानं पाणी प्यावं तसा घोटभर-घोटभर न थांबता पिऊन टाकला होता.

"तोंड उघड," मी म्हटलं.

"काऊन?"

"उघड!"

जीभ आणि टाळू पांढरे पडले होते, कातडी सुटत होती. त्याला पत्ता नव्हता. मी त्याचा हात धरून चहाच्या गरम पातेल्याला लावला. माझी बोटं टेकताच मला हात ओढून घ्यावासा वाटला, त्यानं आपला तसाच राहू दिला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मग मीच हात खेचून काढला. पट्टी काढून दोन दिवस झाले होते आणि दारं उघडलेली नव्हती. ती उघडतील की नाही हे मला ठाऊक नव्हतं, बक्षींना ठाऊक नव्हतं, जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि शेकडो माणसांना ही पट्टी लावली होती.

मी रडले, त्याला शिव्या दिल्या, कंपनीला दिल्या, त्याच्या पुलाला दिल्या. तो भाजलेल्या जिभेनं एवढंच म्हणाला, "दुखत नाही, प्रणाली. खरंच दुखत नाही." आणि तळहाताकडे पाहत बसला.

महिनाअखेरीला समिती आली. पट्टी राज्यभर लागू करावी का आणि तसं असेल तर विसाव्याचा कायदा ठेवावा का, हे तिनं ठरवायचं होतं. अध्यक्ष होत्या निवृत्त न्यायाधीश दाभाडकरबाई, बाकी चार सदस्य. बक्षींनी भर दुपारची वेळ मुद्दाम निवडली होती. काचेच्या अलीकडे गार हवेत खुर्च्या मांडल्या होत्या आणि सरबत होतं. पलीकडे दिवे पूर्ण तेजानं पेटलेले, सिमेंट चरचरीत तापलेलं आणि माथ्यावर आमचा सगळ्यात जुना नर, लाल-निळा, डोकं वर करून बसलेला. त्याच्या खालच्या अंगाला टांझानियाहून नव्यानं आलेली तुकडी. त्यांना अजून आठवडाही झाला नव्हता, ते तपकिरी पडून सैरभैर पळत होते. बक्षींनी पाहुण्यांना माथ्याकडे पाहायला सांगितलं.

"पाहा," ते म्हणाले. "ना धाप, ना धावपळ. निसर्गानं दिलेली सहनशक्ती. हीच आम्ही माणसाच्या दंडावर आणली. डॉक्टर लांजेवार, त्याला आत जाऊन जरा हातावर घेऊन दाखवा."

मी आत गेले. पडोळे मिस्त्रींची छिन्नी आणि हातोडी मी सकाळीच आत नेऊन ठेवली होती. नर हातावर घेण्याऐवजी मी बुजवलेल्या पहिल्या भेगेवर छिन्नी ठेवली आणि हातोडी मारली.

काचेपलीकडून बक्षी काहीतरी ओरडत होते, मला ऐकू येत नव्हतं. पडोळेंचं काम पक्कं होतं, मान्य करायला हवं. घाम डोळ्यांत जात होता. सिमेंटचा पापुद्रा निघाला, मग कपचा, मग काळी, खोल भेग उघडली. नवी तुकडी क्षणभर थबकली आणि मग सगळेच्या सगळे एकदम तुटून पडले. माझ्या मनगटावरून, हातोडीवरून, एकमेकांच्या पाठीवरून, चपटी डोकी आत खुपसत. बघता बघता खालचं सिमेंट रिकामं झालं.

माथ्यावरचा जुना नर तिथंच बसला होता. मी त्याच्या नाकासमोरची भेग फोडली. तो हलला नाही. छान रंगात, डोकं वर करून बसून राहिला.

मी दार उघडून बाहेर आले तेव्हा दाभाडकरबाई काचेला जवळजवळ नाक लावून उभ्या होत्या. "तो का जात नाही?" त्यांनी विचारलं.

"त्याला कळत नाहीये, बाई. तो आत्ता मरतोय आणि त्याला बरं वाटतंय."

"डॉक्टर लांजेवार यांनी जनावरांना घाबरवलं," बक्षी मध्ये पडले. त्यांचा चेहरा मात्र चांगलाच उतरला होता. "आणि मुळात प्रश्न सरड्यांचा नाहीच, माणसांचा आहे. बाईंनी माणसाला विचारावं. आमच्याकडे प्रत्यक्ष अनुभव असलेला साक्षीदार आहे. योगायोगानं डॉक्टरांचेच यजमान."

मला कुणी सांगितलं नव्हतं. धनराज मागच्या दारातून आत आला, इस्त्रीचा शर्ट, तळहाताला बँडेज. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. आदल्या दिवशी त्याच्या ठेकेदारानं त्याला बोलावून पुलाचं पत्र दाखवलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की माझा नवरा बक्षींच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"लांजेवार साहेब," बक्षी म्हणाले, "तुम्ही हा अख्खा उन्हाळा पट्टी लावून, भर दुपारी माणसांच्या बरोबरीनं काम केलंत. समितीला सांगा, तुम्हाला काही त्रास झाला?"

"नाही," धनराज म्हणाला.

"चक्कर? मळमळ? जीव घाबरा होणं?"

"नाही. काहीच नाही."

"ऐकलंत," बक्षी समितीकडे वळले. माझ्या हातात अजून हातोडी होती आणि ती तिथंच आपटावी असं मला वाटलं.

"माझं संपलं नाही, मॅडम," धनराज दाभाडकरबाईंना म्हणाला. तो मान खाली घालून, कामावर बोलतो तसं बोलू लागला. "माह्या बाजूले सुखदेव कुमरे होता. त्यालेही काही त्रास नाही झाला. आमी डांबर टाकून राहिलो होतो. तो म्हणे, साहेब, आज हवा कशी थंडगार सुटली. मी म्हटलं, हो रे, मस्त आहे. मले खरंच थंड वाटून राहिलं होतं, मॅडम. डांबराचा धूर निघून राहिला होता अन् आमी दोघं हवा खाऊन राहिलो होतो. मंग तो खाली बसला. मी म्हटलं, बस थोडा वेळ. तो तिथंच बसला, डांबराच्या बाजूले, उन्हात."

त्यानं बँडेज बांधलेल्या तळहाताकडे पाहिलं. 

"लोक मले इचारतात, साहेब, त्याले सावलीत काऊन नाही नेलं. रस्त्यावरच्या जुन्या पुलाखाली सावली होती ना, दहा पावलं. पण कायले नेऊ मी? मलेच ऊन नव्हतं लागून राहिलं. पाणी पाजायचंही सुचलं नाही. माणूस तहानला आहे हे कसं कळते? आपल्यालेही तहान लागते तवाच कळते ना. तो हसत होता, मॅडम. हसता हसता गेला. त्याले काही त्रास नाही झाला. ते डॉक्टर साहेब म्हणतात ते बरोबर आहे."

 दाभाडकरबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी सरबताचा पेला दूर सारला.

"तुमच्या साइटवर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आत्ता काम चालू आहे?"

"हो."

"या वेळी?"

"परवानगी आहे ना, मॅडम. तुमचा निर्णय होईपर्यंत."

"तो निर्णय लागायला मला समितीची बैठक—" त्या बोलता बोलता थांबल्या.

धनराजनं तोवर खिशातून फोन काढला होता. ठेकेदारानं दाखवलेलं पत्र, पूल, सगळं त्या एका फोननं हातचं जाणार होतं आणि हे त्याच्याइतकं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं मुकादमाला फोन लावला. आता त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बोलताना पाहतच राहिला.

"काम बंद करा. हो, आत्ता. मी सांगून राहिलो. सगळ्यायले पुलाखाली घ्या, पट्ट्या उपटून फेका, पाणी पाजा. नाही म्हटलं तरी पाजा. कोणाकोणाले चक्कर येऊन राहिली ते इचारत बसू नका." त्यानं फोन तोंडाच्या आणखी जवळ धरला. "जो म्हणन मले काही होत नाही, त्याले पहिले उचला."